गाडी घाटात दम का टाकते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सपाटीवर छान पळणारी गाडी चढ लागला की मलूल होते. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग उतरत जातो, मागचा ट्रक हॉर्न वाजवतो आणि गाडीतली मंडळी चालकाच्या तोंडाकडे बघू लागतात. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. मी तो घेतला मे २००३ मध्ये, कुंभार्ली घाटात. त्या वेळी मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवत होतो, म्हणून शरम जरा जास्तच वाटली.

आईच्या पोटात कळा येत होत्या. तिला चिपळूणहून कऱ्हाडला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. महिनाभर ती चढावर कुरकुरत होती. क्लचप्लेट गेली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि न तपासता ती बदलूनही घेतली. पैसे गेले, दोष राहिला. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत गाडी गचके देऊ लागली. एका वळणावर ती बंद पडली आणि हातभर मागे सरकली. मागे ट्रक उभा. पत्नीनं उतरून चाकामागे दगड लावला. आई डोळे मिटून बसली होती.

हे नेमकं घाटातच का होतं? हजार किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगानं चालवायला साधारण दोन-तीन अश्वशक्ती पुरते. पंधरा मीटरला एक मीटर चढण असेल, तर त्याच वेगासाठी आणखी सुमारे नऊ अश्वशक्ती लागते. म्हणजे मागणी एकदम चार-पाच पटींनी वाढते. तेवढी हवा, तेवढं पेट्रोल आणि दमदार ठिणगी मिळाली नाही, की इंजिन हात टेकतं. सपाटीवर झाकून राहिलेला दोष घाटात उघडा पडतो, तो यामुळे.

मग तपासणी कशी करायची? पहिला प्रश्न असा: चढावर इंजिनाचा आवाज चढतो की उतरतो? आवाज चढतो, पण गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. आवाज आणि वेग दोन्ही उतरत असतील तर क्लचला हात लावू नका. माझ्या गाडीचा आवाज उतरत होता. एवढी एक गोष्ट ऐकली असती, तरी क्लचप्लेटचा खर्च वाचला असता.

दुसरं, ब्रेक धरून राहतात का ते पाहा. थोडं फिरून आल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं, तर तिथला ब्रेक सुटत नाही. हात लांबूनच न्या, चटका बसतो.

तिसरी पाळी इंजिनाची. एअर फिल्टर धुळीनं भरला तर हवा कमी पडते. कार्ब्युरेटरच्या गाडीत धूरही काळा येतो. प्लग किंवा प्लगची वायर खराब असेल तर इंजिन मिसिंग करतं, पावसाळी हवेत अधिकच. सायलेन्सर आतून तुंबला तर धूर बाहेर पडत नाही आणि नवी हवा आत येत नाही. हे सगळं ठीक असूनही शक्ती कमीच वाटली, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. इंजिन खोलण्याची गोष्ट त्यानंतरची. स्वस्त आणि सोपं आधी, खर्चिक शेवटी, हा क्रम मोडू नये.

राहिलं पेट्रोल. गाडी चढावर काही वेळ नीट चालते, मग गचके देते, आणि थोडं थांबलं की पुन्हा चालते, हे पेट्रोल कमी पोहोचत असल्याचं ठळक लक्षण आहे. त्या दिवशी मागच्या ट्रकचे वयस्कर चालक उतरून आले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘साहेब, थोडं थांबल्यावर चालते का?’’ मी हो म्हणालो. ‘‘मग टाकीचं झाकण उघडून बघा की.’’ झाकण फिरवताच ‘स्स्’ असा आवाज झाला. झाकणातलं बारीक छिद्र धुळीनं बुजलं होतं. पेट्रोल जाई, पण त्याच्या जागी टाकीत हवा येईना. पंप ओढून ओढून थकत होता. त्यांनी तारेनं छिद्र मोकळं केलं. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. आई वेळेत दवाखान्यात पोहोचली आणि बरीही झाली.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. टाकीत हवा व्हॉल्व्हमधून येते. पण फिल्टर तुंबतो, पंप कमजोर होतो, टर्बोचा पाइप फाटतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली तर तो भरतो आणि गाडी आपणहून शक्ती कमी करते. स्कॅनर लावला की संकेत मिळतो, मात्र तो संकेत म्हणजे निदान नव्हे. पेट्रोल कमी पडतंय असा इशारा फिल्टरमुळे येतो, पंपामुळे येतो आणि कुठून तरी हवा शिरत असेल तरीही येतो. गॅरेजवाल्यानं पार्ट बदलायला सांगितलं, तर ‘काय तपासलंत?’ असं जरूर विचारा.

आणि प्रत्येक वेळी दोष असतोच असंही नाही. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे बारा टक्के विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन तिथे तेवढं कमी ओढणारच.

घाटात गाडी दमलीच, तर एसी बंद करा, वेळेवर खालचा गिअर टाका. थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. पेट्रोलचं झाकण उघडताना जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, ते बघा.

पुढे वर्ग सुरू झाल्यावर मी ती जुनी क्लचप्लेट टेबलावर ठेवली आणि मुलांना विचारलं, ‘‘हिच्यात काय दोष आहे?’’ मुलांनी ती उलटसुलट करून पाहिली. एक जण चाचरत म्हणाला, ‘‘सर, काहीच नाही.’’ त्याचं उत्तर बरोबर होतं.