लेकरू सोबत नाही, तरी तिकीट मोठ्यांचंच

नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की शहराबाहेरच्या वॉटर पार्कचा हंगाम सुरू होतो. त्या गर्दीत मूलबाळ नसलेलं चाळिशीतलं एखादं जोडपं झुल्याच्या रांगेत दिसलं, की मागून एक वाक्य ठरलेलं असतं : "लेकरं नाईत, बाळं नाईत, हे काहाले आले झुल्यावर बसाले?" वाक्यात वैर नसतं. थोडी थट्टा असते, थोडी कीव असते. पण त्यामागचा समज पक्का असतो, की मनोरंजन उद्यान ही मुलांची जागा, मोठ्यांनी तिथे यायचं ते मुलांचे आईबाप म्हणून, आणि ज्यांना मूल नाही किंवा ज्यांनी ठरवून होऊ दिलं नाही त्यांचं तिथे काही काम नाही. हा समज इतिहासाला धरून नाही. या उद्यानांची बांधणी पाहिली तरी तो खरा ठरत नाही, आणि विदर्भातली माणसं एरवी कशी वागतात ते आठवलं तर त्याचं नवलच वाटतं.

आधी इतिहास. आजच्या थीम पार्कचे पूर्वज म्हणजे युरोपातली विहार उद्यानं. लंडनचं व्हॉक्सहॉल सतराव्या शतकात सुरू झालं आणि १८५९ पर्यंत चाललं. तिथे लोक जात ते गाणं ऐकायला, दिव्यांची रोषणाई नि आतषबाजी पाहायला, जेवायला, आणि झाडांच्या आडोशाने एकमेकांना भेटायला. मुलांसाठी म्हणून ते कुणी काढलेलं नव्हतं. कोपनहेगनचं टिव्होली १८४३ चं, आणि तेही शहरातल्या मोठ्या माणसांच्या संध्याकाळसाठी. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात अभियंता फेरिसने उभारलेला पहिला अवाढव्य आकाशपाळणा सुमारे ८० मीटर उंच होता. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. त्याचं तिकीट ५० सेंट, म्हणजे अख्ख्या प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकंच. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये पैसे घेऊन चालणारी घसरगाडी सुरू झाली, तेव्हा तिच्यात बसायला येणारे बहुतांश कारखान्यांत नि दुकानांत राबणारे तरुण स्त्री-पुरुष होते. आठवड्याच्या एका सुटीत ओळखीपाळखीच्या नजरेपासून दूर, हातात हात घालून ओरडायला मिळावं एवढीच त्यांची अपेक्षा असे.

मग मुलं केंद्रस्थानी आली कधी? याचं श्रेय सहसा वॉल्ट डिस्नेला दिलं जातं, आणि गंमत अशी की त्याची मूळ तक्रार नेमकी उलटी होती. लेकींना मेरी-गो-राउंडवर बसवून आपण बाकावर बसून राहायचं, याचा त्याला कंटाळा आला होता. मोठ्यांना आणि मुलांना दोघांनाही मजा येईल अशी जागा हवी, या विचारातून १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड उघडलं. मोठ्या माणसाने केवळ राखणदार होऊन बसू नये, हा त्याचा पायाच आहे. जपानमध्ये तर हे अधिक उघड दिसतं. टोकियो डिस्नेलँड १९८३ चं, शेजारचं डिस्नेसी २००१ चं, आणि या दुसऱ्या उद्यानात पहिल्या दिवसापासून मद्य मिळतं. ही उद्यानं चालवणारी ओरिएंटल लँड कंपनी पाहुण्यांची वयानुसार आकडेवारी छापते. तिच्यात अठराच्या पुढचे लोक निम्म्याहून बरेच जास्त असतात, आणि चाळिशीपुढच्यांचा वाटा वाढत गेलेला आहे. असं असूनही २०१९ मध्ये अमेरिकेत, मूल नसलेल्या तरुणांनी डिस्नेवर्ल्डला जाणं विचित्र आहे की नाही, यावर मोठा गदारोळ झाला. तेव्हा हा गैरसमज एकट्या नागपूरचा नाही.

आपल्याकडे तो रुजला त्याला कारणं आहेत. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं आणि त्याचं नाव १९८२ च्या आशियाई खेळांच्या हत्तीच्या पिल्लावरून ठेवलेलं. मुंबईत गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं, आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीने ते पाहिलं ते शाळेच्या सहलीतून. नागपूरकरांच्या मनात सेमिनरी हिल्सची वनबाला गाडी आणि अंबाझरीचं क्रेझी कॅसल अशीच बालपणाला चिकटलेली आहेत. आठवण बालपणाची असली की जागाही बालपणाचीच वाटते. पण २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं, तेव्हा त्याचं सगळ्यात गाजलेलं आकर्षण होतं 'नायट्रो'. हा पाय अधांतरी सोडून माणसाला उलटंपालटं करणारा रोलर कोस्टर आहे, आणि शिशुवर्गातल्या मुलाला त्यात बसताच येत नाही. अशा झुल्याशेजारी उंची मोजायची खूण असते ती उगाच नव्हे. खांद्यावरून किंवा मांडीवरून येणारा आडवा दांडा प्रौढ शरीराच्या मापाने केलेला असतो, आणि छोटं अंग त्याखालून निसटू शकतं. म्हणजे उद्यानातली सगळ्यात खर्चिक यंत्रं जिच्या मापाने घडवली आहेत ती व्यक्ती वाढलेली आहे. तिकीटही आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वयाऐवजी उंचीवर ठरतं. सरकारचंही या बाबतीत फारसं बालप्रेम दिसत नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा थीम पार्क, वॉटर पार्क आणि मेरी-गो-राउंड हे कसिनो नि घोड्यांच्या शर्यतींसोबत एकाच २८ टक्क्यांच्या ओळीत बसवले होते. जानेवारी २०१८ मध्ये उद्यानांचा दर १८ वर आला.

इथे आक्षेप येतो : ठीक आहे, यंत्र मोठ्यांच्या मापाचं असेल, पण त्यात बसून किंचाळणं हा पोरकटपणाच ना? फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. स्वतःला गरगरवून, क्षणभर तोल घालवून मिळणाऱ्या आनंदाला त्याने बाकीच्या तिघांच्या बरोबरीचं स्थान दिलं, आणि त्याचे दाखले मोठ्या माणसांत शोधले. आपल्याला त्यासाठी फ्रान्सला जायला नको. वारीच्या वाटेवर साठीतल्या दोन बायका किंवा दोन बुवा फुगडीला उभे राहतात, तेव्हा काय होतं ते पाहावं. हात आडवे गुंफलेले, पायांचे चवडे एकमेकांना टेकलेले, दोघांचंही वजन मागे झोकलेलं. एकाने हात सोडला तर दुसरा पडणारच, आणि त्या भरवशावर वेग वाढत जातो. रोलर कोस्टरच्या दांड्याचं काम इथे समोरच्याची मनगटं करतात. मंगळागौर जागवणाऱ्या, संसारात मुरलेल्या बायकांनाही ही भोवळ हवीशी वाटते. यांपैकी कुणालाही आपण "तुमचं मूल कुठे आहे?" असं विचारत नाही. सोंगाचंही तेच. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं तान्हा पोळ्याला लाकडी बैल ओढतात, आणि त्याच दिवशी महाल-इतवारीत मोठी माणसं मारबती नि बडग्यांचे पुतळे घेऊन नाचतात. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची सांगितली जाते. जवळपास दीडशे वर्षं या शहराने भर रस्त्यात मोठ्यांना खेळू दिलं आहे.

कुणी म्हणेल, ते धर्माचं, परंपरेचं आहे, त्याची तिकिटाच्या झुल्याशी तुलना कशी? तर शेगाव घ्या. गजानन महाराजांच्या दर्शनानंतर आनंदसागर उद्यानाच्या छोट्या रेल्वेत बसणाऱ्यांत एकेकटी म्हातारी माणसं असायची, नवी जोडपी असायची, अविवाहित भावंडं असायची. शिर्डीत साईतीर्थ नावाचं भक्तीवरचं थीम पार्कच आहे आणि त्याच शहरात वॉटर पार्कही आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून विदर्भातून एकाच फेरीत दर्शन नि पार्क दोन्ही करता येतात. सकाळी काकड आरतीला उभं असलेलं जोडपं भाविक, आणि दुपारी घसरगुंडीवर दिसलं की तेच पोरकट, हा हिशेब जुळत नाही. गाभाऱ्याच्या रांगेत आपण कुणाचा संसार मोजत नाही, तर घसरगुंडीच्या रांगेत का मोजावा?

पुढचा गैरसमज जास्त लागणारा आहे, आणि तो दोन तोंडांनी बोलतो. एक तोंड म्हणतं, यांना मुलं आवडत नाहीत. दुसरं म्हणतं, बिचारे, मूल नाही म्हणून मन रमवायला येतात. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नाही. मुलांचा तिटकारा असणारा माणूस पैसे मोजून किलबिलाटात दिवसभर कशाला उभा राहील? आणि भरपाईची गोष्ट खरी मानायची, तर सोबत मूल असलेले वडील 'नायट्रो'वर दुसऱ्यांदा बसतात ती कशाची भरपाई? मूल न होऊ देण्याचा निर्णय महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण त्यांचं आयुष्य रिकामं होतं असं त्यांचा कट्टर विरोधकही म्हणू शकणार नाही. शिवाय झुल्याच्या रांगेत उभं असलेलं जोडपं कर्व्यांच्या वाटेचं आहे, की दहा वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून थकलेलं, हे चेहऱ्यावरून कळत नाही. थट्टा करणाऱ्याला तर नाहीच कळत.

आता व्यावहारिक तक्रार : हे लोक मुलांची जागा अडवतात, रांग वाढवतात. रांग प्रत्येक माणसाने वाढते, हे खरं. पण कोण कधी येतं, हेही पाहायला हवं. शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेलं कुटुंब मे महिन्यात, दिवाळीत आणि रविवारी येतं. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून इथला हंगाम जूनमध्येही थोडा लांबतो. मूल नसलेल्यांना मंगळवार चालतो, ऑगस्ट चालतो. रिकाम्या दिवशी तिकीट घेणारं हे गिऱ्हाईक उद्यानाला पगार नि विजेचं बिल भागवायला मदत करतं. परदेशातल्या मोठ्या उद्यानांत एकट्यांसाठी वेगळी रांग असते. चारच्या डब्यात तिघांचं कुटुंब बसलं की उरलेली जागा त्या रांगेतल्या माणसाला मिळते. ती जागा एरवी रिकामीच फिरली असती.

रांगेपेक्षा गंभीर आक्षेप दुसरा आहे. वॉटर पार्कमध्ये पुरुषांची टोळकी बायकांना त्रास देतात, म्हणून 'फक्त फॅमिली' हा नियम हवा, असं म्हटलं जातं. त्रास खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यावर इलाज म्हणजे पुरेसे जीवरक्षक, कॅमेरे, महिला कर्मचारी आणि तक्रार येताच बाहेर काढण्याची तयारी. सोबत मूल असणं हा सभ्यतेचा दाखला नव्हे. या नियमाचा फटका बसतो तो निवांत आलेल्या दोन मैत्रिणींना, पन्नाशीतल्या बहीणभावाला आणि मूल नसलेल्या नवराबायकोला.

पैसे उधळतात, स्वार्थी आहेत, म्हातारपणी कोण पाहील, हे बोल झुल्याशी संबंधित नाहीत. तेच जोडपं सोनं घेतं किंवा चारधामला जातं तेव्हा हिशेब कुणी मागत नाही. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ होता. एक-दोन मुलं असलेल्या घरातही लहान मूल असण्याचा काळ दहा-पंधरा वर्षांचा, आणि प्रौढ आयुष्य त्याच्या तिप्पट-चौपट. 'मूल सोबत असेल तरच' हा नियम लावला, तर आज मुलांना घेऊन आलेले आईबापही आणखी काही वर्षांनी बाहेर पडतील.

नागपूरच्या उद्यानांना धारेवर धरायचंच असेल तर मुद्दे आहेत. अमरावती रस्त्यावरच्या बाजारगावात गावकरी पाण्यासाठी वणवण करत असताना शेजारच्या फन अँड फूड व्हिलेजमध्ये घसरगुंड्या नि बर्फघर चालू होतं, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यांत मुलंही होती. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात वॉटर पार्कच्या खिडकीशी उभे राहाल, तेव्हा पाणी कुठून येतं, झुल्यांची शेवटची तपासणी कधी झाली आणि अग्निशमनाचा दाखला आहे का, एवढं जरूर विचारा. मागे उभ्या असलेल्या जोडप्याला मुलं किती, हे विचारू नका.