चार टीबीची डिस्क दोन टीबीवरच का अडते?

नवी कोरी हार्ड डिस्क आणली, दादाने ती कॉम्प्युटरच्या पोटात बसवली, बटण दाबलं आणि 'धिस पीसी'मध्ये बघतो तर डिस्क गायब! जी दिसतच नाही ती फॉरमॅट कशी करणार? पण दोस्तांनो, लगेच दुकानदाराच्या नावाने शंख करू नका. बरेचदा डिस्क ठणठणीत असते.

आधी कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून केबल तपासायच्या. साटा डिस्कला दोन केबल लागतात. अरुंद केबलमधून माहिती जाते, रुंद केबलमधून वीज. एखादी अर्धवट बसली असेल, तर डिस्क बायोसमध्येही, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्येही, दिसत नाही. बायोसमध्ये दिसत असेल, तर केबलच्या मागे फार लागू नका. खरी गंमत पुढेच आहे.

डिस्कवरची जागा छोट्या छोट्या सेक्टरांमध्ये मोजतात. एक सेक्टर म्हणजे साधारणपणे 512 बाइट. विंडोज आधी पहिला सेक्टर वाचतं आणि त्याच्या अगदी शेवटच्या दोन बाइटमध्ये एक खूण शोधतं: 01010101 10101010. शून्य-एक, शून्य-एक, आणि मग उलट! ही खूण नाही, तर विंडोजच्या लेखी डिस्क कोरी. आणि फॉरमॅट होतं ते डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे आखून दिलेला भाग; कोऱ्या डिस्कवर तो नसतोच. नवी वसाहत वसवताना आधी प्लॉट पाडून त्यांना नंबर देतात आणि मगच घरं बांधतात, तसंच हे.

म्हणून स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडायचं. तिथे आपली हरवलेली डिस्क काळी पट्टी लावून बसलेली असते. तिला 'इनिशलाइज' करताना विंडोज विचारतं, प्लॉटांचा नकाशा कुठल्या पद्धतीने लिहू, एमबीआर की जीपीटी? बहुतेक जण न वाचताच काहीतरी निवडून 'ओके' ठोकतात. आणि चार टीबीच्या डिस्कला चुकून एमबीआर दिलं, की अर्धीच डिस्क फॉरमॅट होते. उरलेल्या जागेवर कितीही क्लिक करा, ती ढिम्म हलत नाही!

असं का? एमबीआर ही पद्धत 1983 सालची. त्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या 'पीसी एक्सटी' कॉम्प्युटरची हार्ड डिस्क होती 10 एमबीची. आज मोबाइलमधले दोन-चार फोटोच तिच्यात मावले असते. सेक्टरचा नंबर लिहायला एमबीआरमध्ये शून्य किंवा एक भरायचे 32 खण ठेवले. त्यात 4 अब्ज 29 कोटींहून जास्त वेगवेगळे नंबर लिहिता येतात. त्याला 512 ने गुणा बरं. उत्तर येतं सुमारे 2.2 टीबी, म्हणजे त्या 10 एमबीच्या जवळजवळ सव्वादोन लाख पट! 1983 साली ते कधी अपुरं पडेल, असं कुणाला वाटलं असतं? ती पद्धत बनवणाऱ्यांना दोष द्यायला माझं तरी मन धजत नाही. पण आपल्या डिस्कचे नंबर मात्र तिथेच संपतात. पुढचे सेक्टर असतात, त्यांना नंबरच नसतो.

जीपीटीत खण आहेत 64. खण दुप्पट झाले, म्हणून जागाही दुप्पट? छे! प्रत्येक नव्या खणागणिक नंबर दुप्पट होत जातात. 32 वेळा दुप्पट करत गेलात, तर मर्यादा पोहोचते सुमारे 940 कोटी टीबीवर. शिवाय जीपीटी आपल्या नकाशाची एक प्रत डिस्कच्या शेवटी जपून ठेवते. एमबीआरचा मुख्य नकाशा पहिल्या सेक्टरात, एवढाच.

तेव्हा जीपीटी निवडा, मग 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', मग फाइल सिस्टिम म्हणून एनटीएफएस. 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढू नका. ती काढली की विंडोज एकेक सेक्टर तपासत बसतं, त्याला कित्येक तास लागतात, आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर अडकला. एवढं करूनही 'आयओ डिव्हाइस एरर' आला, तर केबल आणि पोर्ट बदलून बघा. तरीही तेच, तर डिस्क खुशाल वॉरंटीत परत करा.

फॉरमॅटवर क्लिक करण्याआधी डिस्कचा नंबर आणि आकार मोठ्यांना दाखवून घ्या. 'डिस्क 0'वर बहुधा तुमचं विंडोज आणि आईबाबांचे फोटो असतात. आज नुसतं एवढंच बघा: डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'व्हॉल्यूम्स'. तिथे 'पार्टिशन स्टाइल'पुढे लिहिलेलं असतं, तुमच्या घरची डिस्क 32 खणांची आहे की 64.