मरणाचा मासिक हप्ता

जुने कपडे, बिस्किटांचे गंजलेले डबे, अनोळखी माणसांचे धूसर फोटो आणि हृदयाचे ठोके... एवढ्याशा भांडवलावर क्रिस्तियां बोल्तान्स्की हा फ्रेंच शिल्पकार जगभर गाजला. आणि मग त्याने स्वतःचं उरलेलं आयुष्यच विकायला काढलं!

समजा, एक गडगंज माणूस तुमच्याकडे आला आणि म्हणाला, 'तुमच्या कामाच्या खोलीत मी कॅमेरे लावतो. चोवीस तास, बाराही महिने. त्याबदल्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात. तुम्ही जिवंत असेपर्यंत.' ऑफिसात डोक्यावर सीसीटीव्ही घेऊनच बसणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटेल, यात नवीन ते काय? पण थांबा, खरी मेख पुढेच आहे. तुम्ही लवकर गेलात तर तो फायद्यात. तुम्ही चिवटपणे जगत राहिलात तर तो गाळात. बोला, करताय सही?

क्रिस्तियां बोल्तान्स्कीने केली. २००९ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर. समोरची पार्टी होती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचा डेव्हिड वॉल्श. गणिताच्या जोरावर जुगारात बक्कळ पैसा केलेला हा माणूस. त्याच पैशातून त्याने होबार्टला 'मोना' नावाचं खासगी म्युझियम उभं केलं, ते २०११ मध्ये सुरू झालं. त्याला बोल्तान्स्कीची एक कलाकृती हवी होती. किंमत ठरली, पण ती एकरकमी न देता दरमहा हप्त्याने द्यायची, असं ठरलं. हिशेब असा, की आठ वर्षांत किंमत फिटते. त्याआधी बोल्तान्स्की गेला तर वॉल्शला माल स्वस्तात पडला. आठ वर्षांनंतर मात्र प्रत्येक हप्ता म्हणजे वॉल्शच्या खिशाला भोक. वॉल्शला खात्री होती, हा गडी आठ वर्षं काढत नाही. यावर बोल्तान्स्कीचं म्हणणं असं, की आपण कधीच हरत नाही असं ज्याला वाटतं, तो माणूस नसून सैतानच असला पाहिजे.

फ्रान्समध्ये असले सौदे नवे नाहीत बरं का. म्हाताऱ्या माणसाचं घर विकत घ्यायचं, त्याला तिथेच राहू द्यायचं आणि तो मरेपर्यंत दरमहा पैसे द्यायचे, या प्रकाराला तिथे 'व्हियाजे' म्हणतात. आर्ल गावातल्या जान काल्मां आजींचा किस्सा तर फेमसच आहे. १९६५ मध्ये नव्वदीतल्या या आजींचा फ्लॅट एका वकिलाने अशाच बोलीवर घेतला. वकीलसाहेब तीस वर्षं हप्ते भरत राहिले आणि १९९५ मध्ये स्वतःच वारले. आजी १९९७ मध्ये गेल्या, १२२ वर्षांच्या होऊन! बोल्तान्स्कीने घराच्या जागी आपलं जगणं ठेवलं, एवढाच काय तो फरक.

फळ्यांखालचा बाप

हा सगळा पब्लिसिटी स्टंट वाटत असेल तर जरा मागे जाऊ या. बोल्तान्स्कीचा जन्म ६ सप्टेंबर १९४४ चा, पॅरिसमधला. शहर नाझींच्या तावडीतून सुटून दोन आठवडेही झाले नव्हते, म्हणून पोराचं मधलं नाव ठेवलं 'लिबर्ते', म्हणजे स्वातंत्र्य. वडील डॉक्टर, ज्यू घराण्यातले. आई कॅथलिक. युद्धाच्या काळात या जोडप्याने घटस्फोटाचं नाटक रचलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं कडाक्याचं भांडण काढलं आणि नवरा घर सोडून गेला अशी बातमी उठवली. प्रत्यक्षात डॉक्टरसाहेब घरातच होते, जमिनीच्या फळ्यांखालच्या अरुंद जागेत लपलेले. सुमारे दीड वर्ष! क्रिस्तियां आईच्या पोटात आला तोही याच काळात.

युद्ध संपलं, पण घरातली भीती काही संपली नाही. सगळं कुटुंब एकाच खोलीत झोपायचं. मुलांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही. आपण पहिल्यांदा एकटे रस्त्यावर फिरलो ते अठराव्या वर्षी, असं बोल्तान्स्की स्वतःच सांगायचा. शाळा बारा-तेराव्या वर्षीच सुटली. घरी येणारे पाहुणेही बरेचसे छळछावण्यांतून वाचून आलेले, त्यामुळे इतर मुलं परीकथा ऐकतात त्या वयात याच्या कानावर भलतंच काही पडत होतं. एक भाऊ ल्यूक पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाला, दुसरा भाषाशास्त्रज्ञ. हा मात्र घरात बसून चित्रं काढत राहिला. आर्ट स्कूलचं तोंडही न पाहिलेला हा माणूस १९८६ पासून पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये, म्हणजे तिथल्या 'जेजे'मध्ये म्हणा, शिकवायला लागला!

पहिलं प्रदर्शन मे १९६८ मध्ये, एका थिएटरात. बाहेर पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरलेले आणि आत हा 'क्रिस्तियां बोल्तान्स्कीचं अशक्य आयुष्य' नावाची फिल्म दाखवतोय. पुढच्याच वर्षी त्याने एक छोटीशी पुस्तिका काढली. 'माझ्या बालपणातलं जे जे उरलंय ते सगळं', असा तिचा एकूण थाट. शाळेतला ग्रुप फोटो, कपड्याचा तुकडा, केसांची बट, असलं सामान. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच वस्तू त्याच्या नव्हत्याच, भाच्या-पुतण्यांकडून उचललेल्या! पण बघणाऱ्याला ते कळतच नाही. शाळेचा ग्रुप फोटो सगळ्यांचा सारखाच असतो. आपल्याही कपाटात तो असतो आणि त्यातल्या अर्ध्या पोरांची नावं आपल्याला आठवत नाहीत.

'कन्सेप्च्युअल आर्ट म्हणजे काय रे भाऊ' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे असं: इथे हाताची करामत दुय्यम, डोक्यातली कल्पना महत्त्वाची. छिन्नी-हातोडा नाही, संगमरवर नाही. बोल्तान्स्कीचं आवडतं सामान म्हणजे बिस्किटांचे पत्र्याचे डबे. घरोघरी असतात तसले, ज्यांत बिस्किटं संपल्यावर सुई-दोरा किंवा जुनी पत्रं जातात. त्याने या डब्यांच्या भिंतीच्या भिंती रचल्या. डबे जुनाट दिसावेत म्हणून कोका-कोला ओतून गंजवायचो, असं त्याने एका मुलाखतीत बिनधास्त सांगून टाकलंय. मला हे फार आवडतं. गंज खोटा, आठवण खोटी आणि समोर उभं राहिल्यावर पोटात पडणारा खड्डा मात्र अगदी खरा.

१९८४ मध्ये वडील गेले आणि त्याच्या कामात अंधार आला. व्हिएन्नातल्या ज्यू शाळेचा १९३१ चा एक वर्गफोटो त्याला सापडला. त्यातला एकेक चेहरा त्याने इतका मोठा केला, की डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा आणि तोंडाच्या जागी सावली तेवढी उरली. प्रत्येकासमोर एक दिवा, खाली डबे. त्या मुलांचं पुढे काय झालं? तो सांगत नाही. १९३१, व्हिएन्ना, ज्यू शाळा... एवढं पुरतं. नंतर त्याने स्विस वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांचे फोटो घेतले. स्विस का? तर ज्यूंच्या मरणाला इतिहासातलं कारण चिकटलेलं असतं, स्विस माणसाला मरायला तसं काहीच कारण नाही. तो आपला मरतो, तुमच्या-माझ्यासारखा!

नसलेली बिल्डिंग

त्याचं एकच काम बघायचं असेल तर बर्लिनला जा, असं मी म्हणेन. तिकीट नाही, रांग नाही. ग्रोस हॅम्बुर्गर रस्त्यावर दोन इमारतींच्या मधे एक मोकळी जागा आहे. इथली इमारत फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पडली. १९९० मध्ये, बर्लिनची भिंत पडल्यावर लगेचच, बोल्तान्स्कीने काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून तिथे कोण कोण राहत होतं ते खणून काढलं. मग शेजारच्या दोन्ही इमारतींच्या उघड्या पडलेल्या भिंतींवर, ज्या मजल्यावर जो राहत होता त्या उंचीवर, पाट्या लावल्या. नाव, धंदा, कधीपासून कधीपर्यंत. बस्स. आपल्या सोसायटीच्या जिन्याखाली नावांचा बोर्ड असतो ना, तसाच, फक्त जिना नाही आणि सोसायटीही नाही. शोध घेताना आणखी एक गोष्ट उघड झाली. या इमारतीतल्या ज्यू रहिवाशांना आधीच हुसकावलं गेलं होतं आणि त्यांच्या घरांत दुसरे लोक येऊन राहिले होते. बॉम्ब पडला तो या दुसऱ्यांवर. आता रडायचं कुणासाठी, हे बघणाऱ्याने ठरवायचं.

या कामात ना अंधार, ना दिवे, ना धडधड. म्हणूनच ते मला त्याच्या भल्या मोठ्या तमाशांपेक्षा सरस वाटतं. तमाशा म्हणजे कसा, तर जानेवारी २०१० मधला पॅरिसच्या ग्रां पालेतला. प्रदर्शनाचं नाव 'पेर्सॉन'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'माणसं' असाही होतो आणि 'कुणीच नाही' असाही. एवढ्या अवाढव्य हॉलमधलं हीटिंग त्याने मुद्दाम बंद ठेवायला लावलं. ऐन हिवाळ्यात! जमिनीवर जुन्या कपड्यांचे चौकोन पसरलेले, स्पीकरमधून हृदयाचे ठोके आणि शेवटी कपड्यांचा डोंगर. वरून क्रेनचा पंजा येतो, मूठभर कपडे उचलतो, वर नेतो आणि सोडून देतो. कोण उचललं जाईल, कोण राहील, काही नियम नाही. हे म्हणजे प्रेक्षकांना रडवायचा सरळसरळ डाव झाला, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. पण लोकलच्या गर्दीत रोज फूटबोर्डवर लटकणाऱ्याला तो पंजा ओळखीचा वाटेल, हेही तितकंच खरं.

प्रदर्शन संपलं, की त्याची बहुतेक कामं मोडली जायची. आपलं काम संगीताच्या नोटेशनसारखं आहे, नंतर कुणीही ते पुन्हा वाजवावं, असं तो म्हणायचा. २००६ मध्ये त्याला शिल्पकलेसाठी जपानचा 'प्रीमियम इम्पेरियाले' मिळाला, २०११ मध्ये व्हेनिस बिएनालेचं फ्रेंच दालनही. त्याची जोडीदार आनेत मेसाजे हीसुद्धा बडी आर्टिस्ट. तिने त्याच व्हेनिसमध्ये २००५ मध्येच गोल्डन लायन पटकावला होता. पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफमध्ये दोघांचा संसार. मूलबाळ नाही.

मालाकॉफच्या याच स्टुडिओत वॉल्शचे कॅमेरे लागले होते. पॅरिसमधला टकलू म्हातारा खोलीत येतोय, बसतोय, उठतोय, हे टास्मानियात लाइव्ह दिसायचं. रात्री तर नुसती रिकामी खोली. इकडे बोल्तान्स्की स्वस्थ बसला नव्हता. २०१४ मध्ये त्याने चिलीच्या आटाकामा वाळवंटात शेकडो छोट्या घंटा काठ्यांवर टांगल्या. त्यांची मांडणी त्याच्या जन्माच्या रात्री आकाशात तारे जसे होते तशी. पुढे पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर वारा शिरला की देवमाशांसारखा आवाज काढणारे भोंगे उभे केले. आणि आठ वर्षं उलटली. हप्ते चालूच. २०१९ च्या शेवटी पाँपिदू सेंटरमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन लागलं, तेव्हाही चालूच. कधीच न हरणारा वॉल्श चक्क हरला होता!

१४ जुलै २०२१, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी पॅरिसमध्ये बोल्तान्स्की गेला. वय ७६. हप्ते थांबले.

जपानच्या तेशिमा नावाच्या छोट्या बेटावर, समुद्राला लागून, त्याने २०१० मध्ये एक साधीशी इमारत सुरू केली. तिथे जगभरच्या लोकांच्या हृदयाचे ठोके रेकॉर्ड करून ठेवलेत, २००८ पासून जमवलेले. एका काळ्याकुट्ट खोलीत एकच बल्ब, कुणाच्या तरी ठोक्यावर लुकलुकणारा. शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर नाव शोधायचं आणि हेडफोन लावून हवा तो ठोका ऐकायचा. ऑफिसच्या कामाने कधी जपानला जाणं झालं तर ताकामात्सुहून बोट मिळते. थोडी फी भरली की तुमचाही ठोका तिथे ठेवून घेतात. फक्त रेकॉर्डिंगच्या आधी पायऱ्या चढून धापा टाकत जाऊ नका. रेकॉर्ड तसंच राहील.