नाव सांगू नका, नमुना दाखवा

आमच्या भागात गाडी ही चैनीची वस्तू नाही. हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातले गाव. १९७३ साली बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून इथल्या दवाखान्यात दूरदूरचे माडिया बांधव आजाऱ्याला खाटेवर घालून पायी आणत आले आहेत. आलापल्लीची बाजारपेठ साठेक किलोमीटरवर. पावसाळ्यात नाले भरले की तीही वाट बंद. म्हणून आम्ही चार नोकरदार कुटुंबांनी वर्गणी काढून एक जुनी महिंद्रा कमांडर जीप घेतली. बाजारहाट, मुलांना वसतिगृहात पोहोचवणे, अडलेला आजारी माणूस, सारे तिच्यावरच.

जुलै महिन्यात तिची क्लच प्लेट संपली. वय झालेली गाडी, झिजायचीच. आलापल्लीहून मिस्त्री आले, गिअरबॉक्स अंगणात उतरवला. आम्ही शहरातल्या एका दुकानाला फोन लावला, "कमांडरची क्लच प्लेट पाठवा" म्हटले आणि पैसे आगाऊ पाठवले. ११ दिवसांनी पार्सल आले. मिस्त्रींनी प्लेट दांड्याला लावून पाहिली आणि मान हलवली. "भाऊ, नाव सांगून भागत नाही जी. दाते मोजा."

क्लच प्लेट म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती. तिच्या मधल्या भोकाला दाते असतात, ते गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खाचांत बसावे लागतात. कमांडर या एकाच नावाच्या गाड्यांत काहींना प्युजो धर्तीचे डिझेल इंजिन होते, काहींना नंतरचे डीआय. गिअरबॉक्सही निरनिराळे. त्या गाडीचे उत्पादन थांबून आता बरीच वर्षे झाली. त्यामुळे बाहेरच्या कारखान्यांत बनलेला मालच बहुधा मिळतो, आणि एकाच नावाची डबी उघडली तर आत काय निघेल याचा भरवसा नसतो.

दुकानदार म्हणाले, आधी माल परत पाठवा. पाठवला. मग उत्तर आले, डबी फोडलेली आहे, घेता येत नाही. बिलावर छापलेच होते, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

याच दिवसांत एका रात्री पलीकडच्या टोल्यावरून निरोप आला, बाळंतपणाची बाई अडली आहे. आमचा गिअरबॉक्स अंगणात फळीवर. गावकऱ्यांनी तिला भर पावसात ७ किलोमीटर खाटेवरून आणले. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण त्या रात्री आम्हा चारही घरांत कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

शेवटी आमच्यातले एकजण जुनी प्लेट पिशवीत घालून नागपूरला गेले. काउंटरवर दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या, दाते मोजले, घेर मोजला, मगच पैसे दिले. जीप सुरू झाली ती ३८व्या दिवशी. आमच्या पत्नीने घरच्या वहीत हिशेब मांडला. दोन प्लेटा ४,४०० रुपये, पार्सल ३००, मिस्त्री १,५००, जाण्यायेण्याचे भाडे १,१००, आणि मधल्या काळात एका सहकाऱ्याच्या वडिलांना चंद्रपूरला नेण्यासाठी भाड्याची गाडी ३,५००. एकूण १०,८०० रुपये. वस्तू होती २,२०० रुपयांची.

चूक सर्वस्वी दुकानाचीच होती असे आम्ही म्हणणार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आम्ही वाचला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. पण आमची प्लेट सदोष नव्हती, ती दुसऱ्या गाडीची होती. आम्ही काय मागितले याचा कागद कुठे होता? सारा व्यवहार तोंडी!

म्हणून आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी जीप, टेम्पो, ट्रॅक्टर किंवा रिक्षा आहे, त्यांना आमची विनंती. आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक वहीत उतरवून ठेवा. निघालेला जुना भाग भंगारात टाकू नका, त्यावर कोरलेला क्रमांक टिपा. मागणी लेखी करा, मोबाईलवर संदेश पाठवला तरी चालेल, सोबत नमुन्याचा फोटो आणि मोजमाप द्या. पक्के बिल घ्या. बसवून पाहण्याआधी डबीवरचे नाव आणि क्रमांक ताडून पाहा.

आता मे महिन्यातच आम्ही क्लच प्लेट, पंख्याचा पट्टा आणि डिझेल फिल्टर आणून घरात ठेवणार आहोत. जुनी प्लेट आमच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली आहे. पाहुणे विचारतात, हे काय लावून ठेवले? आम्ही त्यांना दाते मोजायला सांगतो.