उचल आणि हजेरी

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील मुलूख वेगळा काढून जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा येथील माणसांच्या स्मरणातून १९७२ चा दुष्काळ ओसरला नव्हता. खडीचे ढीग, खायला वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि मस्टरवर नाव चढण्याची दिवसदिवस चाललेली प्रतीक्षा. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष मजूर होते, म्हणजे एरवी घराच्या ओसरीवर दडून राहणारी बेकारी प्रथमच सरकारी दप्तरात दाखल झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून १९७७ चा रोजगार हमी कायदा सिद्ध झाला; मागेल त्यास १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, असा दावा भूमिहीनाला तहसील कचेरीत मांडता येऊ लागला.

अर्थशास्त्रज्ञांनी पाडलेले बेकारीचे प्रकार येथे एकाच घरात, एकाच वर्षात नांदताना दिसतात. दोघांच्या कामात चौघे भाऊ खपतात, ती प्रच्छन्न बेकारी. सुगी सरताच चौघेही रिकामे होतात, ती हंगामी. जालना शहरात बियाण्यांचे कारखाने आले, पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, पण लोखंडाचा बाजार बसला की भट्टी थंडावते. आणि ती धगधगत असतानाही तिच्यापुढे पुष्कळदा बिहार-उत्तर प्रदेशातला मजूर उभा असतो, जिल्ह्यातल्याच मंठा तालुक्यातला नव्हे!

मंठ्याचा मजूर दिवाळीच्या आगेमागे उसाच्या फडाकडे निघतो. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल बी-भरणात, दवाखान्यात, लेकीच्या लग्नात संपलेली असते, आणि ती फेडण्यासाठी नवराबायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. दोन माणसे, हिशेबात मात्र नग एक. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगीत ऊस आणला, तरी ही वाट मोडली नाही. असा मनुष्य खानेसुमारीत रोजगारी ठरतो. मला तर उचल ही आगाऊ विकलेली बेकारीच वाटते. तिची किंमत मजुरीच्या तक्त्यात सापडत नाही: अर्ध्या वर्षात तुटलेली शाळा, कुलूपबंद घर, दाराशी राखणीला ठेवलेली म्हातारी.

उन्हाळ्यात कोयता परततो. हिशेब होतो, उरलेली बाकी पुढच्या उचलीत मिळवली जाते, आणि मुकादम पुन्हा अंगठा घेतो.