मातीतली वीण

केल्टिक गुंफणीची नक्षी कोरलेले मातीचे पात्र हाती आले, की ते हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या आयरिश कुंभाराच्या परंपरेतून थेट आपल्यापर्यंत उतरले असावे, असा समज होणे साहजिक आहे. परंतु इतिहासाच्या दप्तरात या समजुतीला आधार सापडत नाही. ज्या काळी आयर्लंडमधील मठांत भिक्षू चर्मपत्रावर ही वीण रेखाटीत बसले होते, त्या काळी त्या बेटाच्या बहुतेक मुलखात मातीची भांडी जवळजवळ घडतच नसत. लाकूड, चामडे आणि धातू यांवर तेथील संसार चाले. ईशान्य भागात जी थोडी मडकी होत, तीही चाकावाचून हाताने थापलेली, ओबडधोबड आणि केवळ रांधण्यापुरती. नक्षीचे वैभव बहरले ते पोथ्यांच्या पानांवर, दगडी क्रुसांवर आणि धातूच्या कामात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेला इ. स. ८०० च्या सुमाराचा ‘बुक ऑफ केल्स’ हा ग्रंथ म्हणजे या कलेचे शिखर. शिवाय त्याहूनही प्राचीन, ख्रिस्तपूर्व काळातील केल्ट लोकांची आवड गुंफणीपेक्षा वर्तुळाकार वेटोळ्यांकडे होती. गाठींची ही वीण भूमध्य समुद्राकाठच्या आणि जर्मानिक टोळ्यांच्या कारागिरीतून मागाहून तेथे आली आणि मग तेथलीच होऊन राहिली.

माती आणि ही वीण यांची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती एकोणिसाव्या शतकात, जुन्या केल्टिक कलेच्या पुनरुज्जीवनाचे वारे वाहू लागल्यावर. आणि तिचा सर्वांत देखणा दाखला आयर्लंडात नसून इंग्लंडच्या सरे परगण्यातील कॉम्प्टन या लहानशा खेड्यात आहे. त्याची कर्ती मेरी सीटन वॉट्स. १८४९ साली हिंदुस्थानात जन्मलेल्या या बाईंचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. बालपण मात्र स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात आजी-आजोबांपाशी गेले. पुढे लंडनला चित्रकला शिकून १८८६ मध्ये त्यांनी आपल्याहून ३२ वर्षांनी वडील असलेल्या जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या ख्यातनाम चित्रकाराशी विवाह केला. नवऱ्याच्या कीर्तीच्या सावलीत एखादी बाई सुखाने विसावली असती. मेरीबाईंनी त्याऐवजी लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील बूटपॉलिशवाल्या पोरांना मातीकाम शिकवण्याची खटपट आरंभली, आणि कॉम्प्टनला बिऱ्हाड हलविल्यावर तेथल्या गावकऱ्यांना त्या कामी लावले.

निमित्त झाले नव्या दफनभूमीचे. १८९५ च्या सुमारास गावाला जुनी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा नव्या जागेत एक प्रार्थनामंदिर उभारून देण्याचे मेरीबाईंनी पत्करले. मात्र ते गावाच्या हातांनी व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. वॉट्स दांपत्याच्या स्वतःच्याच आवारात चांगली माती निघाली, घरी सायंकाळचे वर्ग भरू लागले, आणि ज्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी नक्षीकाम केले नव्हते असे ७० हून अधिक गावकरी त्या वर्गांत मातीच्या फरशांवर वेलबुट्ट्या, देवदूतांचे मुखवटे आणि केल्टिक गाठी उठवू लागले. वर्तुळ आणि क्रूस यांचा मिलाफ साधणाऱ्या पायावर उभी असलेली ही तांबडीलाल इमारत १८९८ मध्ये विधिपूर्वक अर्पण करण्यात आली. आतील भिंतींवरचे रंगीत उठावाचे काम पुरे व्हायला १९०४ साल उजाडले. काही टीकाकारांना हा सारा अलंकार अतिरेकी वाटतो. मला तो तसा वाटत नाही. एवढ्या नवशिक्या हातांतून एवढी शिस्त उतरली, हेच त्याचे समर्थन होय.

ही शिस्त उतरली कशी, याचे उत्तर बरेचसे त्या नक्षीतच आहे. गुंफण पाहणाऱ्याला अगम्य भासते, पण ती प्रतिभेपेक्षा पद्धतीवर उभी असते. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणे येथेही आधी ठिपक्यांची चौकट मांडून घेतात. मग त्या ठिपक्यांमधून तिरक्या रेघा काढून साधी चटईसारखी वीण तयार होते. आणि नंतर निवडलेल्या ठिकाणी दोन पट्ट्यांची फुली तोडून त्यांची टोके शेजारच्या टोकांना जोडली, की त्या सरळ विणीतून गाठी, फासे आणि वळसे आपोआप प्रकट होतात. साध्या विणीतूनच या गाठी निघतात, हे जे. रॉमिली ॲलन या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तपशीलवार मांडले. आणि स्कॉटलंडमधील चित्रकला-शिक्षक जॉर्ज बेन यांच्या १९५१ च्या ग्रंथाने या रचनापद्धती सामान्य विद्यार्थ्याच्या आटोक्यात आणल्या. शेवटी प्रत्येक पट्टी एकदा वरून, एकदा खालून न्यायची. नवशिक्याला भीती असते ती या क्रमाची. वास्तविक रेघा बरोबर मिटलेल्या असतील, तर वर-खालीचा हा क्रम कोठेही अडत नाही, हे गणिताने सिद्ध होते. अडलाच, तर मागे एखादी फुली मोजायची राहिली, असे खुशाल समजावे.

कागदावर जे सुखाने साधते त्याला माती मात्र हरकती घेते. ओल्या मातीवर कोरले तर कडा लोळतात, फार वाळल्यावर कोरले तर कपचे उडतात. नखाची खूण उमटावी पण बोटाने दबू नये, अशी अवस्था आली की हत्यार चालवावे. वरून जाणारी पट्टी मूळ उंचीवर ठेवून खालून जाणारी तेवढी फुलीपाशी उतरती तासली, की एक-दोन मिलिमीटरच्या फरकातून दोरखंडाचा भास निर्माण होतो. चर अधिक खोल गेला तर वाळताना तेथेच तडा जातो, कारण वाळताना आणि भाजताना मिळून माती सुमारे दहाव्या हिश्शाने आकसते आणि पातळ भाग जाड भागाच्या आधी सुकतो. म्हणून फरशी ओलसर फडक्याखाली सावकाश सुकवितात. प्लॅस्टरच्या साच्यातून नक्षी काढायची असेल, तर पट्टीच्या कडेखाली खाच मुळीच राहता कामा नये, नाहीतर माती साच्याला धरून बसते. भट्टीतही घाई चालत नाही: ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीत बांधले गेलेले पाणी सुटते, ५७३ अंशांवर तीतील गारेचे कण एकाएकी फुगतात, आणि हे टप्पे ओलांडून हजार अंशांच्या आसपास आच पोहोचली म्हणजे तांबडी माती पक्की होते.

कॉम्प्टनचे सायंवर्ग मंदिराबरोबर संपले नाहीत. त्यांतून कुंभारकलेचा एक संघ उभा राहिला. त्याच्या बागेतल्या कुंड्या लंडनच्या प्रसिद्ध ‘लिबर्टी’ दुकानात विकल्या जात, आणि १९३८ मध्ये मेरीबाई वारल्यानंतरही १९५० च्या दशकापर्यंत तो कारखाना चालू होता.

ज्या वाचकाला या कामात हात घालावासा वाटेल, त्याने चाकाच्या मोहात प्रथमच पडू नये. गोल घटावर गुंफणीचा पट्टा बसवायचा तर परिघाचे समान भाग पाडावे लागतात, आणि शेवटचा भाग पहिल्याला नेमका येऊन मिळावा लागतो. हे कसब मागाहूनचे आहे. वीतभर चौकोनी फरशी, तीवर सुईने टोचलेले ठिपके आणि एकच साधी गाठ, एवढ्यावर सुरुवात करावी. आणि ती फरशी तडा न जाता भट्टीतून बाहेर आल्यावर मग घटाकडे वळावे.