नशेतील ग्राहकास नकार : विक्रेत्याचे व गावाचे कर्तव्य

चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांची सीमा बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा नदीने आखलेली आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला. तत्पूर्वी हा सर्व प्रदेश एकाच जिल्ह्यात होता. आज मात्र दारूच्या बाबतीत नदीच्या दोन तीरांवर दोन निरनिराळे कायदेशीर व्यवहार आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली आणि परवानाधारक दुकाने व बार पुन्हा सुरू झाले. अशा परिस्थितीत, आधीच नशेत असलेल्या ग्राहकास आणखी दारू न देणे या साध्या कृतीला या भागात विशेष महत्त्व प्राप्त होते.

दोन आंदोलनांचा वारसा

या जिल्ह्यांतील दारूबंदीची मागणी गावांतून, विशेषतः स्त्रियांकडून पुढे आली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या प्रेरणेने आणि अनेक संघटनांच्या सहभागाने हे आंदोलन उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यात 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या नेतृत्वाखाली २०१० च्या डिसेंबरमध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून पायी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर गेल्या. तेंदूपानाच्या हंगामात हाती आलेली मजुरी घरी पोचण्यापूर्वीच संपते, ही त्यांच्या तक्रारीमागील व्यथा होती. बंदी उठविताना अवैध विक्रीत झालेली वाढ हे कारण पुढे करण्यात आले. बंदी असो वा नसो, त्या व्यथेचे उत्तर मात्र द्यावेच लागते.

नकार का आवश्यक आहे

शरीरात गेलेले मद्य यकृत ठराविक गतीनेच नाहीसे करते. ही गती साधारणपणे ताशी सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्काइतकी असते. कडक चहा, लिंबूपाणी किंवा डोक्यावर गार पाणी यांनी ती वाढत नाही. शिवाय शेवटच्या पेल्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास अर्धा ते एक तास लागू शकतो. म्हणजे बारमधून बाहेर पडताना 'ठीक' वाटणारा मनुष्य वाटेत अधिक नशेत असू शकतो. ब्रह्मपुरीहून देसाईगंजकडे किंवा सावलीहून गडचिरोलीकडे रात्री मोटारसायकलने निघालेल्या अशा माणसाला अंधारा जंगलरस्ता, गुरे आणि वन्यप्राणी यांतून जावे लागते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार अपराध आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत बेताल वागणे हा दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ८५ खाली अपराध ठरतो. तेव्हा पुढचा पेला भरणारा विक्रेता ग्राहकाला अपघाताकडे आणि अपराधाकडेही ढकलत असतो. इंग्लंडमध्ये तर नशेतील व्यक्तीस जाणूनबुजून मद्य विकणे हाच २००३ च्या परवाना कायद्यानुसार गुन्हा आहे.

नकार कसा द्यावा

जीभ जड होणे, तोल जाणे, पैसे मोजताना वारंवार चुकणे, आवाज चढणे आणि अकारण भांडण उकरून काढणे ही नशेची परिचित लक्षणे होत. तथापि, मधुमेहात रक्तातील साखर उतरल्यास किंवा डोक्यास मार लागल्यासही माणूस असाच दिसू शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नकार उशिरा देण्यापेक्षा लवकर द्यावा. तो चारचौघांत न देता बाजूला घेऊन, हळू आवाजात व आदराने द्यावा. “भाऊ, आज इतकं पुरे. आता जेवून घ्या, उद्या या,” एवढे शब्द पुरतात. उपदेश, थट्टा किंवा धक्काबुक्की यांनी प्रसंग चिघळतो. सोबतच्या शुद्धीवर असलेल्या माणसाची मदत घ्यावी, गाडी तेथेच ठेवण्यास समजवावे आणि घरी पोचण्याची सोय पाहावी. पेला नाकारून बाटली बांधून देणे हा नकार नव्हे. ग्राहक बेशुद्ध झाल्यास त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यात मालकाची जबाबदारी मोठी आहे. रोजंदारीवरील वेटरने नकार दिला आणि रात्री मालकाने त्यालाच बोल लावले, तर तो पुन्हा कोणासही नकार देणार नाही. म्हणून नकाराचा नियम मालकाने स्वतः ठरवून सर्व नोकरांना सांगावा आणि तंटा झाल्यास नोकराच्या पाठीशी उभे राहावे.

ग्रामसभा, शिक्षक व अधिकारी

मद्यविक्रीच्या अटींत ग्राहकाच्या वयाचीही अट आहे. शाळकरी मुलांना बाटली आणण्यास पाठविले जात असेल, तर ते प्रथम शिक्षकांच्याच कानी येते. पालकांशी बोलून आणि ग्रामपंचायतीस कळवून ते थांबविता येते. एखादे दुकान बंद व्हावे अशी मागणी असल्यास, गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांच्या निवेदनावरून गुप्त मतदान घेण्याची तरतूद राज्यात आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने ती सर्वपरिचित आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीचे व सेवनाचे नियमन करण्याचा किंवा त्यांवर बंदी घालण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानाद्वारे गावोगावच्या स्त्रियांनी अवैध विक्रीविरुद्ध संघटित काम केले. मोहाच्या फुलांना आदिवासींच्या आहारात व देवकार्यात स्थान आहे. त्या परंपरेचा मान राखूनच धंदेवाईक गाळपास विरोध करणे उचित ठरते.

बंदीच्या जिल्ह्यात हा नकार गावाने एकमुखाने द्यावयाचा असतो, तर परवान्याच्या जिल्ह्यात तो दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या माणसाने द्यावयाचा असतो. ग्रामसभेच्या एका बैठकीत परवानाधारकांना बोलावून, नशेतील ग्राहकास दारू न देण्याविषयी त्यांच्याशी चर्चा करणे कोणत्याही गावाला शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.